परतीचे तिकीट

लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावरच्या तिकीटयंत्रात 'डे रिटर्न' असा एक पर्याय असतो. सकाळी जायचे आणि त्याच दिवशी परत यायचे. दादाने तो निवडला आणि यंत्रातून प्रत्येकाची दोन-दोन तिकिटे बाहेर पडली. एक जाण्याचे, एक येण्याचे. "येण्याचं नीट ठेव, हरवशील," तो म्हणाला. लहानपणी जत्रेत चपला सांभाळायला सांगायचा, त्याच सुरात. मी पंचेचाळिशी ओलांडली आहे आणि तो पन्नाशीच्या पुढे गेला आहे, याने त्या सुरात काही फरक पडलेला नाही.

गेल्या जूनमधली ही गोष्ट. आम्ही ब्रायटनला निघालो होतो. वहिनींना सुट्टी मिळाली नाही, म्हणून दोघेच. दादाच्या लेखी तो समुद्रावरचा एक सुट्टीचा दिवस होता. इंग्रज माणूस पिढ्यान्‌पिढ्या जसा घालवत आला तसा. माझा हेतू निराळा होता. मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवते, आणि सावरकरांची 'सागरास' ही कविता गेली कित्येक वर्षे या ना त्या निमित्ताने वर्गात घेत आले आहे. 'ही कविता १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचली' हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारले आहे, की त्यातले ब्रायटन हे गाव न उरता तळटीप होऊन बसले होते. ते गाव कसे असेल, असा प्रश्न मला कधी पडला नाही. डोळ्यांसमोर एक चित्र मात्र होते : काळे खडक, उधाणलेले पाणी, निर्मनुष्य वाळू. हे चित्र कुठून आले याचा विचार केला तेव्हा लक्षात आले, की त्यातला निम्मा भाग हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीतून आला आहे आणि उरलेला शाळेच्या गणपतीपुळ्याच्या सहलीतून.

गाडी सुटायला वेळ होता. १३ मार्च १९१० रोजी पॅरिसहून परतलेल्या सावरकरांना अटक झाली ती याच व्हिक्टोरिया स्थानकावर, हे मी दादाला सांगितले. त्याने चारी बाजूंना पाहिले. सँडविचची दुकाने, चाकांच्या बॅगा ओढणारी माणसे, फलाटांच्या पाट्या. "इथं? मी आठवड्यातून दोनदा इथून जातो," तो म्हणाला, आणि कॉफी आणायला गेला.

ब्रायटनचे स्थानक उंचावर आहे. बाहेर पडले की रस्ता सरळ उताराने खाली जातो आणि त्याच्या टोकाशी, दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या मधल्या फटीत, एक करडी-निळी उभी पट्टी दिसते. तोच समुद्र. त्या उतारावरून माणसांचा लोंढा खाली वाहत होता. लहान मुलांच्या हातांत प्लॅस्टिकच्या बादल्या, म्हाताऱ्यांच्या हातांत गुंडाळलेली वर्तमानपत्रे, तरुणांच्या हातांत बिअरचे डबे. आपल्याकडे असा उत्साह वारीत दिसतो किंवा जत्रेत. या लोंढ्यालाही परंपरा आहे. १८४१ साली लंडनहून इथवर रेल्वे आली, आणि तोवर राजपुत्रांचे आणि धनिकांचे असलेले हे गाव कारकुनांचे आणि कामगारांचे झाले. १८७१ साली पार्लमेंटने बँक हॉलिडेचा कायदा केला. वर्षातून ठरलेल्या काही दिवशी सुट्टी मिळू लागली आणि सुट्टी म्हणजे समुद्र हे समीकरण पक्के झाले.

मुळात माणसे समुद्राकडे आली ती मौजेसाठी नव्हेच, औषधासाठी. शेजारच्या लुइस गावचा डॉ. रिचर्ड रसेल याने १७५० साली लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहून समुद्राच्या पाण्याचे गुण सांगितले. अंगावर तर घ्यावेच, पण पोटातही घ्यावे, असा त्याचा सल्ला. रोगी येऊ लागले. चाकांवरच्या लाकडी खोल्या घोडे जुंपून पाण्यात नेत. आत कपडे बदलायचे, मागच्या दाराने उतरायचे आणि खाली उभ्या असलेल्या दांडग्या बायका तुम्हांला धरून लाटेत बुचकळून काढायच्या. त्यातली मार्था गन नावाची बाई इतकी प्रसिद्ध झाली, की सेंट निकोलस चर्चच्या आवारात लोक आजही तिची कबर पाहायला जातात. त्याच आवारात आणखी एक कबर आहे आणि ती पाहण्याचा माझा आग्रह होता : शेख दीन मोहम्मदची. पाटण्यात जन्मलेला हा माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेबरोबर हिंडला, आयर्लंडला गेला, १७९४ साली त्याने आपले प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहिलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. पुढे ब्रायटनला येऊन त्याने वाफेच्या स्नानाचे आणि चंपीचे दुकान थाटले. चंपीचा 'शॅम्पू' इंग्रजीत रुजला, आणि याला तर दोन राजांचा 'शॅम्पूइंग सर्जन' असा किताब मिळाला. १८५१ साली तो इथेच वारला.

"म्हणजे परत गेलाच नाही," दादा म्हणाला.

"नाही."

"शहाणा होता."

हे विनोदाने म्हटले होते. मी हसले नाही. आमच्या घरात या विषयावर विनोद होत नसत. दादा १९९८ साली दोन वर्षांच्या कंत्राटावर लंडनला गेला. बाबा शाळेत मराठी शिकवत. दर १५ ऑगस्टला शाळेच्या गायनवृंदाकडून ते 'सागरास' बसवून घेत. पेटी स्वतः वाजवत. दादा त्या वृंदात होता, पुढे मीही होते. २००१ सालच्या १५ ऑगस्टला वृंदाने दुसरे गीत म्हटले आणि त्यानंतर बाबा निवृत्त होईपर्यंत दुसरेच म्हटले. कोणी विचारले तर मुलांना चाल झेपत नाही, असे ते सांगत. चाल अवघड आहे हे खरे. पण ती आदल्या वर्षीही अवघडच होती.

किनाऱ्यावर पोहोचलो आणि माझे चित्र पहिल्या पावलाला फुटले. ब्रायटनला वाळू नाही. मैलोन्‌मैल नुसते गोटे आहेत. गारगोटीचे, तपकिरी, राखाडी, क्वचित पांढरे, लाटांनी घासून गुळगुळीत केलेले. त्यांवरून चालणे म्हणजे ज्वारीच्या राशीवरून चालण्यासारखे : प्रत्येक पाऊल रुतते आणि घसरते. इंग्रज मंडळी मात्र या गोट्यांवर टॉवेल पसरून ऊन खात निवांत पडलेली. जरा दूर पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाच्या घडीच्या आरामखुर्च्या मांडलेल्या. एक आजोबा विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात धरून, पाण्यात घोट्याइतके उभे होते. पाण्याकडे अतिशय गंभीरपणे पाहत होते. 'पॅडलिंग' हा तिथला मान्यताप्राप्त उद्योग आहे. याबाबतीत आपल्यात आणि त्यांच्यात काही अंतर आहे असे मला वाटले नाही. गिरगाव चौपाटीवर आपणही दुसरे काय करतो?

करण्यासारख्या गोष्टींची दादाजवळ यादीच होती आणि ती एका ठरलेल्या क्रमाने करायची, असा त्याचा दंडक. आधी पिअर. लोखंडी खांबांवर उभारलेला लाकडी फळ्यांचा रस्ता सरळ समुद्रात घुसवायचा, आणि त्याच्या टोकाला जहाज लागण्याऐवजी करमणूक लावायची, ही कल्पना इंग्रजांचीच. ब्रायटनचा पॅलेस पिअर १८९९ साली खुला झाला; लांबी सव्वापाचशे मीटर. त्यावर चालताना पायांखालच्या फळ्यांच्या फटींतून हिरवे पाणी हलताना दिसते आणि डोक्यावर कर्ण्यातून गाणी वाजत असतात. २०२४ सालापासून हंगामात बाहेरच्यांना आत जायला पैसे पडतात, गावकऱ्यांना माफ. दादाला याचा राग आहे. सत्तावीस वर्षे या देशात काढूनही आपण 'बाहेरचे', असे तो तिकीट खिडकीवरच्या मुलीला ऐकवून आला. ती म्हणाली, लंडनच्या सगळ्यांनाच पडतात. यावर त्याचे समाधान झालेले दिसले.

पिअरवर एक मोठी खोली आहे, शेकडो यंत्रांनी खणखणणारी. त्यात एक यंत्र असे : काचेमागे दोन पेन्सच्या नाण्यांचा ढीग एका फळीवर साचलेला असतो, फळी मागेपुढे सरकत असते. आपण वरून नाणे टाकायचे. ते अचूक क्षणी पडले तर पुढचा ढीग ढकलला जातो आणि काठावर लोंबकळणारी नाणी खाली आपल्या पदरात पडतात. पडतात क्वचित. लोंबकळतात मात्र सतत, आणि सगळी खुबी त्या लोंबकळण्यात आहे. दादाने पाच पौंडांची चिल्लर घेतली. अडीचशे नाणी, प्लॅस्टिकच्या वाडग्यात. आम्ही पाऊण तास तिथे उभे होतो. बँकेत मोठ्या हुद्द्यावरचा माझा भाऊ काचेला नाक लावून "आता पडणार, आता पडणार" असे पुटपुटत होता, आणि मी पाहिले की मीही पुटपुटते आहे.

मग रॉक. ही साखरेची गुलाबी कांडी. आडवी कुठेही मोडा, आतल्या पांढऱ्या गाभ्यात गावाचे नाव उमटलेले दिसते. वरपासून खालपर्यंत तीच अक्षरे. ग्रॅहम ग्रीनने १९३८ साली याच नावाची कादंबरी लिहिली आणि या गावाच्या रंगीत पोटातला काळोख दाखवला. कांडी दातांना चिकटते, चव पेपरमिंटची. मी तीन घेतल्या, विभागातल्या सहकाऱ्यांसाठी. त्यांतली एक विमानतळावरच मोडली. अक्षरे खरोखरच होती.

मग जेवण : फिश अँड चिप्स. जाड पिठात तळलेला कॉड, बोटाएवढे बटाट्याचे तुकडे, वर मीठ आणि व्हिनेगर. मासा मऊ आणि स्वच्छ, पण आमच्या आईने त्याला 'आजाऱ्याचा' म्हटले असते. खाताना एक हात पुडक्यावर आडवा धरावा लागतो, कारण वर सीगल घिरट्या घालतात. हे पक्षी पुस्तकातल्यापेक्षा बरेच मोठे असतात, कोंबडीएवढे म्हणा, आणि नजर सावकाराची. माझ्या शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या हातातला अख्खा तुकडा एकाने झडप घालून नेला. मुलगा रडायला लागला, आईबाप हसायला लागले, आजूबाजूचेही हसले.

त्या हसण्यापाशी मला थांबायचे आहे.

'सागरास' या कवितेत कवी समुद्राशी भांडतो. तूच मला नेलेस, थोडे जग पाहून ये म्हणालास, लवकर परत आणीन असा शब्द दिलास आणि फसवलेस, असा तो आरोप आहे. म्हणजे करार झाला होता आणि तो मोडला गेला. वर्गात शिकवताना माझा भर नेहमी उत्कटतेवर असे. करारावर नसे. पुढे शेवटाकडे समुद्र कवीला हसतो आहे, फेस हा त्याच्या हसण्याचा बहाणा आहे, अशी कल्पना येते. तिथे मी अपह्नुती अलंकार सांगायची, फळ्यावर व्याख्या लिहायची आणि पुढच्या ओळीवर जायची. फेस पांढरा, दात पांढरे, म्हणून हास्य. संस्कृत कवींपासून चालत आलेला हा संकेत आहे. यात पाहण्यासारखे काही आहे, ऐकण्यासारखे काही नाही, असे मी धरून चालले होते.

जेवण झाल्यावर दादा गोट्यांवर आडवा झाला आणि मी पाण्याच्या कडेला जाऊन बसले. लाट आली, फुटली. वाळूवर लाट फुटली की परत जाताना जवळजवळ मुकी होते. वाळू पाणी पिऊन टाकते. इथे तसे होत नाही. परतणारे पाणी हजारो गोट्यांना खाली ओढते, ते एकमेकांवर आपटत, गडगडत पाण्याबरोबर जातात आणि एक लांबलचक खळखळ उठते. मग क्षणभर शांतता, मग पुढची लाट, पुन्हा खळखळ. मॅथ्यू आर्नल्डच्या 'डोव्हर बीच'मध्येही हा गोट्यांचा आवाज आहे आणि इंग्रजीचे प्राध्यापक तो दरवर्षी शिकवतात. त्याला तो विषादाचा सूर वाटला. पण मराठी कानाला? आपण पाणी खळखळते म्हणतो आणि माणूस खळखळून हसतो म्हणतो. एकच शब्द. मी तिथे बसून पंधरावीस लाटा मोजल्या. प्रत्येक लाट आल्यावर नव्हे, परत जाताना हसत होती.

हे मी सिद्ध करू शकत नाही. कवीच्या मनात संस्कृत संकेत असेल, हा आवाज नसेल. पण निरंजन पाल त्या वेळी बरोबर होते (हेच पुढे बॉम्बे टॉकीजच्या 'अछूत कन्या'चे लेखक), आणि त्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणीप्रमाणे सावरकर किनाऱ्यावर बसून गुणगुणू लागले नि त्यांना रडू फुटले. म्हणजे ते याच गोट्यांवर बसले होते आणि हा आवाज त्यांच्या कानांत होता, एवढे तरी खरे. सावरकर भगूरचे. नाशिकजवळचे, समुद्रापासून दूर. त्यांचा आणि समुद्राचा खरा परिचय १९०६ साली मुंबईहून बोटीत बसल्यावरचा. कोकणच्या कवीने समुद्राला असे बोल लावले असते का, असा प्रश्न माझ्या मनात येऊन गेला. ज्याच्या अंगणात समुद्र आहे तो त्याच्याशी करार करत नाही.

आणि मग ते वर्ष. १९०९. जूनमध्ये थोरल्या भावाला, बाबारावांना, जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ऑगस्टमध्ये मदनलाल धिंग्रा फाशी गेले. त्याच वर्षी लहानगा मुलगा प्रभाकर गेला, बापाच्या डोळ्यांआड. बॅरिस्टरीची परीक्षा झाली असून सनद नाही. असा माणूस वर्षाच्या अखेरीस ज्या गावी येतो ते गाव कोणते? ज्याचा सगळा व्यवहार मौजेवर चालतो, ते. दोन्ही पिअर तेव्हा उभे होते. मॅग्नस फोल्कची विजेवर चालणारी छोटी रेल्वे १८८३ पासून किनाऱ्याने धावत होती. ती आजही धावते आणि जगातली सर्वांत जुनी चालू विद्युत रेल्वे म्हणून मिरवते. आणि मुख्य म्हणजे, या गावी आलेल्या बहुतेक प्रत्येकाच्या खिशात संध्याकाळचे परतीचे तिकीट असे. गावाची रचनाच त्या गृहीतावर झाली आहे. समुद्राकडे जायचे, त्याला स्पर्श करायचा, रात्री आपल्या अंथरुणात झोपायचे. ज्याचे परतीचे तिकीट रद्द झाले आहे, अशा माणसाने त्या गर्दीत बसून समुद्राला 'तू शब्द मोडलास' म्हणणे, यातला जीवघेणेपणा मला पाठ्यपुस्तकात कधी दिसला नव्हता.

अलीकडे ही कविता वर्गात काढली की ती वाचण्याआधीच मुले दोन बाजूंना बसतात. काहींचे हात जोडलेले, काहींचे छातीशी बांधलेले. पुढच्या आयुष्यातले राजकारण आधी वर्गात येते, मग कविता. दोन्ही बाजूंना मी एकच सांगत आले आहे, की ही कविता लिहिणारा माणूस सव्वीस वर्षांचा होता आणि घरापासून दूर होता. ते मीच नीट ऐकले नव्हते असे दिसते.

दादा उठून शेजारी येऊन बसला. पश्चिमेला वेस्ट पिअरचा सांगाडा दिसत होता. तो १८६६ चा. १९७५ साली बंद पडला, २००३ साली दोनदा जळाला, आणि आता किनाऱ्यापासून तुटून नुसता लोखंडी पिंजरा पाण्यात उभा आहे. त्याच्या मागे किनाऱ्यावर २०१६ साली उभारलेला १६२ मीटरचा सडसडीत मनोरा. दादा म्हणाला, हिवाळ्यात संध्याकाळी साळुंक्यांच्या जातीचे हजारो पक्षी इथे आकाशात नक्षी काढत फिरतात; ते पाहायला यायला हवे.

"तू हिवाळ्यात आला होतास?"

"दोनतीनदा." थोड्या वेळाने म्हणाला, "आणि बाबा गेले तेव्हा."

इथे मला मागचे थोडे सांगणे भाग आहे. बाबा २०२० च्या मे महिन्यात गेले. विमाने बंद होती. स्मशानात आम्ही मोजकी माणसे. मी फोन उंच धरून उभी होते, दादाला दिसावे म्हणून. मागचा कॅमेरा चालू होता, त्यामुळे त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. अग्नी देण्याच्या आधी पडदा काळा झाला. मी पुन्हा लावला, त्याने घेतला नाही. हात दुखून आला होता. पुढे तो २०२२ साली आला, सहा दिवसांसाठी, आणि त्या सहा दिवसांत मी त्याला काही विचारले नाही, त्यानेही काही सांगितले नाही. रेंज गेली असेल, असे आई म्हणत राहिली. मला तसे वाटत नव्हते. मी मनात एक वाक्य जपून ठेवले होते आणि ते चांगले धारदार होते.

"फोन मीच बंद केला," दादा म्हणाला. तो गोटे निवडत होता, पांढरे तेवढे. "बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी काढली. इथे तेव्हा नुकतंच जाऊ देत होते, पण मुक्कामाला बंदी. त्याच दिवशी परत जायचं. इथे येऊन बसलो. पिअर बंद, दुकानं बंद, सगळ्यांची शटरं खाली. कुत्रा फिरवणारी एक बाई होती फक्त."

"इथे का?"

"दुसरीकडे कुठे जाणार? बाबांची कविता इथली." त्याने एक गोटा पाण्यात टाकला. "म्हणायला गेलो. दुसऱ्या कडव्यात अडकलो. पुढचं येईना. पाच वर्षं मी ती वृंदात म्हटली होती, आणि येईना. फोनवर शोधता आली असती. पण ते बरं नाही वाटलं."

मी काहीच बोलले नाही. २००१ नंतर बाबांनी ती कविता बसवणे सोडले होते, हे त्याला ठाऊक आहे का, हे विचारावेसे वाटले आणि विचारले नाही. ते त्याला कशाला हवे? लाट परत जात होती.

संध्याकाळी पॅव्हिलियन पाहायचे ठरले होते. ते वेळेअभावी बाहेरूनच पाहिले. चौथ्या जॉर्जने, तो राजपुत्र असताना, जॉन नॅशकरवी १८१५ पासून सातआठ वर्षांत उभारून घेतलेला हा महाल बाहेरून मोगली घुमटांचा आणि आतून चिनी थाटाचा आहे. कांद्यांचे पोते उलटे झाल्यासारखा दिसतो, असे माझे प्रामाणिक मत. पण १९१४ च्या डिसेंबरपासून वर्षभर फ्रान्सच्या खंदकांतून आलेल्या जखमी हिंदी शिपायांचे ते इस्पितळ होते, आणि धर्म-जातींचे नियम सांभाळायला तिथे नऊ स्वयंपाकघरे होती, हे कळल्यावर घुमटांकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. खोटे घुमट, आणि त्यांखाली खरी माणसे. त्यांतले जे वाचले नाहीत त्यांपैकी ५३ हिंदू आणि शीख शिपायांचे दहन गावाबाहेरच्या टेकडीवर झाले. तिथे १९२१ साली संगमरवरी छत्री बांधली गेली; आराखडा हेन्रिक्स नावाच्या तरुण हिंदी वास्तुशिल्पकाराचा. छत्रीपर्यंत बरेच चालावे लागते. आमचे जायचे राहिले. परतीचे तिकीट त्याच दिवसाचे होते.

गाडीत खिडकीजवळ समोरासमोर जागा मिळाल्या. समोरच्या बाकावर एक तरुणी कानांत बोंडे घालून बसली होती. दादाच्या कोटाच्या खिशात दोन पेन्सची अकरा नाणी उरली होती. ती त्याने मला दिली, भाच्यांना दे म्हणून. गॅटविकपाशी गाडी थांबली. मोठमोठ्या बॅगा घेऊन माणसे चढली, काही उतरली. बाहेर एक विमान उतरत होते.

"दुसऱ्या कडव्याची सुरुवात काय ग?" दादाने खिडकीबाहेर पाहत विचारले.

मी पहिला शब्द सांगितला. तो तिथून निघाला, हळू आवाजात, गाऊन नव्हे, नुसता म्हणत. एका ओळीवर पुन्हा अडला, मी पुन्हा सांगितले. समोरच्या मुलीने एका कानातले बोंड काढले, आमच्याकडे पाहिले आणि परत घातले. ईस्ट क्रॉयडनला गर्दी चढली तेव्हा आम्ही तिसऱ्या कडव्यावर होतो.